चौथा कोपरा

हार्लिंगेनच्या बंदरात सकाळची बोट भोंगा देते
तेव्हा मी स्वयंपाकघरात, गुडघ्यांवर,
चमच्याने लेंड्या वेचत असते.
गोल, कोरड्या, काळ्या.
अकरा आठवड्यांचं ओंजळभर पिल्लू,
आणि मोजायला बसलं तर दिवसाला दोनशे.
येल्मरने त्याचं नाव ठेवलं ड्रॉप,
इथल्या खारट काळ्या ज्येष्ठमधाच्या गोळीवरून.
नाव आधी ठेवलं.
किती शोभतं ते नंतर कळलं.

निळा ट्रे आणला, बऱ्यापैकी महाग.
दाराआड ठेवला, कारण मला ते सोयीचं.
ड्रॉप त्यात बसला, पुढच्या पायांनी कान धुतले,
मग बाहेर आला
आणि फ्रिजपाशी जाऊन निवांत मुतला.
दुसऱ्या दिवशी ट्रे खिडकीखाली. तिथे तो झोपला.
तिसऱ्या दिवशी टेबलाखाली.
तिथे त्याने ट्रेची कड दातांत धरली
आणि हमालासारखा उचलून उपडा केला.

"तू त्याला कोपरा देतेयस,"
डॉक्टर बाउक्ये हातमोजे काढत म्हणाली,
"त्याने तर तो कधीच घेतलाय.
कुठला ते बघ, ट्रे तिथे ने.
कडेला गवत ठेव, खाता खाताच होतं यांचं.
भिजलेला एक कागद ट्रेमध्ये राहू दे, वासापुरता.
बाकीची फरशी व्हिनेगरने पूस.
आधी जागा लहान. जमलं की वीतभर वाढव.
आणि रागवायचं नाही, हिल्त्ये.
ससा राग शिकतो. ट्रे शिकत नाही."

येल्मरने सगळं वहीत उतरवलं,
सात वर्षांच्या अक्षरात,
शेवटच्या दोन वाक्यांखाली रेघ,
इतकी दाबून की मागच्या पानावर उमटली.

चौथा कोपरा बुटांचा निघाला.
तिथे विट्सेचे रबरी बूट अजून उभे होते,
कोळंबीच्या होडीवरचे, घोट्याशी मीठ धरलेले.
मार्चमध्ये तो लेउवार्डेनला राहायला गेला
तेव्हा म्हणाला होता, बूट न्यायला येईन.
मी ते पुसत नव्हते. हलवतही नव्हते.
त्यांना वळसा घालून झाडू मारायचे, एवढंच.
ड्रॉपने कुणालाच विचारलं नाही.
त्याचा निकाल डाव्या बुटाच्या आत लागला होता,
चांगला आठवडाभर.

बूट पिशवीत गेले, पिशवी सायकलच्या खोलीत.
तिथे आता ट्रे, गवत, ओला कागद,
आणि भिंतीवर दोन बुटांच्या आकाराचा
जरा उजळ राहिलेला रंग.

त्याच शुक्रवारी पहाटे तीनला
नळाच्या आवाजाने जाग आली.
न्हाणीघरात येल्मर, उघड्या पायांनी,
टबात त्याची चादर,
हातात सशाची व्हिनेगरची बाटली.
"वास राहिला," माझ्याकडे न बघता म्हणाला,
"की परत तिथेच होतं."

एवढा घोडा झालास.
मीच म्हणाले होते. मार्चमध्ये.
एप्रिलमध्ये. गेल्या शनिवारी,
शेजारच्या अँट्येला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

मी काही बोलले नाही.
बोलायला गेले असते तर ते पुन्हा माझ्याबद्दलच झालं असतं.
चादरीचं दुसरं टोक धरलं.
पिळताना त्याचे हात एका बाजूला, माझे दुसऱ्या,
पाणी मधून पडत राहिलं.

सकाळी वाऱ्याने चादर शिडासारखी फुगली.
आतमध्ये ड्रॉप ट्रेमध्ये बसून गवत ओढत होता,
डोळे अर्धे मिटलेले,
एकाच वेळी दोन्ही कामं करणाऱ्याचं समाधान तोंडावर.
येल्मर पालथा पडून मोजत होता, पेन्सिलीने लिहीत होता:
आत एकोणीस. बाहेर चार.

त्या चारांबद्दल कुणी काही बोललं नाही.
मी चमचा आणला.